पांडेजींचा हात

"आप लकी हो दीदी, आपका डब्बा तो पांडेजी कभी छूते ही नहीं," निधी म्हणाली आणि हसली. मीही हसले. तोंडात घास होता, तो तसाच गालात धरून हसले. निधीच्या डब्यातल्या भरल्या मिरच्या तेवढ्यात पांडेजींनी एक सोडून सगळ्या उचलल्या होत्या आणि आता ते भिंतीवरच्या बेसिनपाशी आरशात बघत खळखळून चूळ भरत होते, त्यामुळे त्यांना काही ऐकू गेलं नाही. माझ्यासमोर गंगाधर साहू बसला होता, आमचा बडा बाबू, म्हणजे हेडक्लार्क. एरवी पांडेजींची चेष्टा निघाली की सगळ्यात मोठ्यानं हसणारा तो. आज हसला नाही. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून भात चिवडायला लागला. एवढंच झालं. गालातला घास मी गिळला, डब्याचं झाकण लावलं, पाणी प्याले. पण पाणी पिताना मला कळलं की निधीनं गंमत केली नव्हती. तिनं एक खरी गोष्ट सांगितली होती, आणि ती या टेबलावर माझ्याशिवाय सगळ्यांना आधीपासून दिसत होती.

आमचं ऑफिस म्हणजे शंकर नगरातला भाड्याचा बंगला. नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं आणि भोपाळहून ट्रक भरभरून फायली यायला लागल्या. त्या ठेवायला जागा कोणाकडे होती? ज्याचा बंगला रिकामा दिसला त्याच्या फाटकावर संचालनालयाची पाटी लागली. साहेब मास्टर बेडरूममध्ये बसतात. त्यांच्यामागे गुलाबी टाइल्सची बाथरूम आहे, तिच्या टबात भोपाळच्या फायली भरल्या आहेत. आमचा सेक्शन जेवणघरात. घरमालकाचं शिसवी डायनिंग टेबल म्हणे भिंत बांधायच्या आधी आत आणलेलं, ते दारातून निघेना, म्हणून तिथंच राहिलं आणि आम्हाला मिळालं. त्यावर आम्ही काम करतो, आणि दुपारी फायली एका बाजूला सारून त्यावरच जेवतो. याआधी मी जिथे जिथे नोकरी केली तिथे प्रत्येक जण आपल्या टेबलावर पेपर पसरायचा, पाठ वळवायचा आणि गपचूप जेवून घ्यायचा. इथे सगळे डबे मधोमध. पहिल्या दिवशी निधीनं न विचारता माझ्या डब्यातली कारल्याची फोड उचलली तेव्हा मला इतका आनंद झाला की घरी जाऊन मी तो बाबांना सांगितला. चाळिशीला आलेली बाई, म्हाताऱ्या बापाला सांगते आहे की आज ऑफिसात एका पोरीनं माझं कारलं खाल्लं. बाबांना मात्र त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "स्वताहून घेतलं?" मी म्हटलं, "हो, स्वतःहून." तेव्हापासून रोज संध्याकाळी त्यांचा प्रश्न ठरलेला असतो, डब्यातलं आज कोणी काय नेलं.

आणि आता पांडेजी. त्यांचं नाव श्रीपाद पांढरीपांडे. रायपूरच्या जिभेला एवढं लांब आडनाव परवडत नाही, तेव्हा त्यांचे आल्या आल्याच पांडेजी झाले. मूळचे नागपूरचे, सगळी नोकरी भोपाळात गेलेली. राज्य वाटलं तशी माणसंही वाटली गेली आणि यांचं नाव इकडच्या यादीत आलं. बायको-मुलं तिकडेच राहिली, हे चौबे कॉलनीत एक खोली घेऊन राहतात आणि दर शनिवारी भोपाळच्या गाडीची चौकशी करतात. माणूस वाईट नाही असं आम्ही म्हणायचो, पण सवयी किती असाव्यात एका माणसाला! बोटं मोडतात, एकेक करून, आणि अंगठा उरला की आपण तो मोडायची वाट बघत बसतो. दुसऱ्याचा पेपर आधी हे वाचतात आणि शब्दकोडं भरून परत देतात. कोणाचंही पेन घेतात आणि टोपण चावून आणून ठेवतात. भोपाळला फोन लागला की पूर्ण बंगल्याला त्यांच्या घरातलं गॅस सिलेंडर संपल्याचं कळतं. जेवणाची तर गोष्टच सोडा. स्वतःचा डबा आणत नाहीत. तळहात चोळत टेबलाशी येतात, "काय, आज काय विशेष?" म्हणतात आणि उत्तर यायच्या आत हात डब्यात. चमचा नाही, विचारणं नाही, आणि भाजीतलं जे चांगलं असेल तेच बरोबर बोटांना सापडतं. यावर आम्ही रोज बोलायचो. मीसुद्धा बोलायचे. "अति करतात बाई," असं मी निधीला कितीदा म्हटलं असेल. ज्या लुटीत माझं काहीच गेलं नव्हतं तिच्या नावानं मी खडे फोडत होते, आणि हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. त्या दुपारी टाइपरायटरसमोर बसून मला त्याचीच पहिली लाज वाटली.

मग मी आठवायला लागले. एकदा तरी. शेंगदाण्याची चटणी? नाही, ती गंगाधरनं नेली होती. दिवाळीनंतर मी अनारसे आणले होते, पांडेजी समोरच होते, "अरे वा, अनारसे!" असं म्हणालेही होते. खाल्ला होता का? हात दिसेना. आवाज आठवतो, हात आठवत नाही. समोरचं पत्र तीनदा चुकलं. शेजारच्या खुर्चीवर ते बोटं मोडत बसले होते आणि मी त्या बोटांकडे बघत होते. गोरी, गाठाळ बोटं, करंगळीत पोवळ्याची अंगठी. एका बोटावर निधीच्या मिरचीची हळद राहिली होती. मला एकदम आपल्या मनाचीच किळस आली. या बोटांनी माझ्या भाजीत यावं असं मला वाटतं आहे? ज्या सवयीला सारं ऑफिस कंटाळलं आहे ती आपल्या वाट्याची कुठे गेली म्हणून मी हिशेब मागते आहे? पण वाटत होतं हे खरं. ते नुसतं भिकेसारखं मागणं असतं तर हात झटकून मोकळी झाले असते. हे भिकेचं नव्हतं.

बाबा रेल्वेत फिटर होते. सुट्टीत त्यांचा डबा मी पोचवायची, फ्रॉक घालत होते तेव्हाची गोष्ट. रुळांच्या पलीकडे पत्र्याच्या शेडखाली माणसं जेवायला बसायची. डबा उघडला की बाबा आधी इकडेतिकडे बघून म्हणायचे, "या जेवाले." आपल्याकडची रीतच ती. समोरच्यानंही रीतीनंच म्हणायचं, "होऊ द्या, होऊ द्या." यात वाईट काही नाही, सगळेच सगळ्यांना म्हणतात. पण मी लहान असले तरी मला दिसायचं की एकमेकांना होऊ द्या म्हणणारी माणसं थोड्या वेळानं एकमेकांच्या कालवणात भाकर बुडवत असायची, आणि बाबांना होऊ द्या म्हणून झालं की ती माणसं थोडी फिरून बसायची. फार नाही, गुडघा इकडचा तिकडे व्हावा एवढी. बाबा तरीही दुसऱ्या दिवशी म्हणायचेच. एकदा मी चिडून विचारलं, "कोणी येत नाही तर काहून म्हणता?" ते म्हणाले, "आपण म्हणाचं, पोरी. येणं न येणं त्यायच्यावर." मला तेव्हा त्यांचा राग आला होता. अजूनही येतो. त्या संध्याकाळी घरी गेले तर बाबा ओट्यावर वाट बघत बसलेले. "काय नेलं आज?" मी म्हटलं, "सगळं संपलं, बाबा." खोटं नव्हतं. निधीनं भाजी घेतली होती, गंगाधरनं पोळी. खोटं नसतानाही ते सांगताना माझा आवाज चाचरला, आणि बाबांचे कान अजून चांगले आहेत.

माझे यजमान गौतम भिलाईच्या प्लांटात आहेत. त्यांच्या सकाळच्या पाळीमुळे आमचं बोलणं होतं ते संध्याकाळी भाजी निवडताना. मी त्यांना सांगितलं. ते मेथीची पानं खुडत राहिले. "मंग? त्यानं हात नाही घातला तर तुयं काय नुकसान झालं?"

"सगळ्यायच्या डब्यात घालते ना तो."

"चांगलंच आहे. हात तरी धुते की नाही कोण जाणे."

"तुमाले समजून नाही राहिलं."

"समजून राहिलं," ते म्हणाले. जुडी संपत आल्यावर पुन्हा बोलले. "म्हणूनच म्हणतो, पाहू नको. पाहाले लागलं की दिसते."

त्यांचं ऐकायला हवं होतं. पण एकदा कळल्यावर माणूस डोळे कुठे ठेवणार? दुसऱ्या दिवसापासून मी जेवण विसरले आणि तो हात बघायला लागले. तो निधीकडे जायचा, गंगाधरच्या लाल भाजीत जायचा, परत निधीच्या लोणच्याकडे यायचा. मधे माझा डबा होता. हात त्याच्यावरून असा सहज जायचा की माझं मलाच वाटायचं, अरे, मुद्दाम नसेल. मी डबा सरकवून बघितला. डावीकडे ठेवला, उजवीकडे ठेवला, एकदा त्यांच्या अगदी पुढ्यात ठेवला. त्यांनी तो हळूच, कडेला धरून, माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "सांडेल हं, विजयाताई." एवढ्या काळजीनं म्हणाले. मग मी त्यांची वकील झाले. पित्ताचा त्रास असेल. आमचं तिखट सोसत नसेल. बाईमाणसाच्या डब्यात हात कसा घालावा, असं वाटत असेल. पण निधीही बाईमाणूसच होती आणि तिच्या मिरच्या काही गोड नव्हत्या. मी वयानं मोठी म्हणून असेल. गंगाधर माझ्याहून मोठा होता. संध्याकाळपर्यंत माझे सगळे साक्षीदार फुटायचे आणि सकाळी मी नवे शोधून आणायची.

सगळ्यात वाईट हे की त्यांचा चांगुलपणा नासला. पांडेजी माझ्याशी फार चांगले वागतात. मी आत आले की खुर्चीतून अर्धे उठतात. निधीला "ए पोट्टी" म्हणतात, गंगाधरला "अबे साहू", मला "विजयाताई, तुम्ही". माझ्या मागे उभे राहून कधी काही वाचत नाहीत. माझं पेन त्यांनी नेलं होतं तेव्हा टोपण जसंच्या तसं परत आलं होतं. तेव्हा मला वाटलं होतं, बघा, माणूस कसाही असो, आपला मान राखतो. आता मी ते पेन ड्रॉवरमधून काढून खिडकीशी नेऊन बघितलं. टोपणावर एक ओरखडा नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, "रंगारी म्हणजे मूळचे कुठले?" आपल्या लोकांना हा प्रश्न विचारल्याशिवाय चैन पडत नाही, मीही विचारते. "भंडाऱ्याकडचे," मी म्हटलं. "वडील?" "रेल्वेत होते." "नाव काय त्यांचं?" मी नाव सांगितलं. "अच्छा," ते म्हणाले, आणि थोड्या वेळानं पुन्हा, "अच्छा, अच्छा." त्या अच्छानंतर त्यांनी मला खुर्ची पुढे करून दिली होती. मी ती खुर्ची आजवर मान म्हणून वापरत होते.

गंगाधरला मी विचारलंच. तो साहेबांच्या बाथरूममध्ये टबात वाकून फाइल शोधत होता, साहेब दौऱ्यावर होते. मी दारातच उभी राहिले. "साहूजी, तुम जानते थे?" कशाबद्दल, ते त्यानं विचारलं नाही. सरळ झाला, हातांची धूळ झटकली. "हव दीदी," तो म्हणाला. "पहले दिन से देख रहा हूँ." मग मला सांगितलं का नाही, असं मी विचारलं. माझा आवाज चढला होता. त्याला वाईट वाटलेलं दिसत होतं. "का बताता? आप हँसके खाती थीं. अच्छा लगता था." मी तिथून निघाले. माझं हसणं बघून कोणाला दया येत होती हे काही मला ऐकायचं नव्हतं. पण गंगाधरनं पाहिलं म्हणजे झालं असं नाही, असंही मी लगेच स्वतःला समजावलं. तो भोळा आहे, त्याला उगाच वाटलं असेल. बघा, वकिली कशी सुटत नाही!

मग मी ठरवलं की याचा एकदा निकालच लावायचा. पांडेजी अधूनमधून एकाच गोष्टीसाठी उसासे टाकायचे. "भोपाळात काय मिळत नाही सांगू? सांबारवडी. आमची आई करायची, नागपूरच्या घरी. आता खायला कुठे मिळते?" नागपूरकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. तिचं खमंग सारण पारीत भरायचं आणि वड्या तळून काढायच्या. वेळखाऊ काम, सणावारालाही मी टाळते. त्या सोमवारी मी पहाटेच उठले. रविवारी बाजारातून सांबाराच्या जुड्या आणल्या होत्या, निवडून, धुऊन, पसरून ठेवल्या होत्या. सारणात खोबरं, खसखस, चारोळी, आतून चिंचगुळाचा हात. वास सगळ्या घरात गेला. बाबा काठी टेकत स्वैपाकघराच्या दारात आले. "आज कोणाचं काय आहे?" "कोणाचं नाही, बाबा. मन झालं." त्यांनी एक वडी घेतली, फुंकर मारून खाल्ली आणि माझ्याकडे बघत राहिले. मी डबा रोजच्यापेक्षा मोठा घेतला.

दुपारी मी झाकण उघडलं. निधीचा सोमवार असतो, तिनं फक्त साबुदाण्याची उसळ आणली होती. डबा ठेवून ती हात धुवायला बाहेरच्या नळावर गेली, कारण बेसिन तुंबलं होतं. पांडेजी तळहात चोळत आले. "काय, आज काय..." म्हणता म्हणता थांबले. त्यांना वास आला. नाकपुड्या हलल्या. माझ्या डब्याकडे त्यांनी जे पाहिलं ते मी कधी विसरणार नाही, कारण त्या बघण्यात काही खोटं नव्हतं. घर सोडून आलेला, खानावळीचं खाऊन कंटाळलेला माणूस होता आणि त्याच्या आईची वडी समोर होती. हात उचलला गेला. मी बघत होते. टेबलावर, माझ्या डब्याच्या वर, तो थांबला. मी कोणत्या देवाला मानत नाही, तरी मनात कोणाला तरी म्हणाले, घेऊ दे याला. मग मीच तोंडानं म्हणाले, "घ्या ना."

"होऊ द्या, होऊ द्या," पांडेजी म्हणाले. "वा, काय वास सुटला आहे! सुगरण आहात, विजयाताई." आणि हात पुढे गेला, निधीच्या डब्यात. उभ्या उभ्या त्यांनी साबुदाण्याचा एक मोठा घास घेतला, मग दुसरा. भराभर खात होते, माझ्या डब्याकडे न बघता. आजवर त्यांना या टेबलावर कोणी घ्या म्हटलं नव्हतं. ज्या एकीनं म्हटलं तिला ते होऊ द्या म्हणाले होते. गंगाधर खुर्ची सरकवून उठला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. निधी परत आली तेव्हा तिच्या डब्यात तळाशी चार दाणे उरले होते. उपास होता, दुसरं काही चालणार नव्हतं. पोरगी आधी हसायचा प्रयत्न करत होती, मग तिचे डोळे भरले, मग ती डबा हातात घेऊन तशीच साहेबांच्या खोलीत गेली. "बस, अब बहुत हो गया," हे आम्हाला दारातून ऐकू आलं. मी एक सांबारवडी घेतली आणि चावत बसले. खमंग झाली होती.

दुसऱ्या दिवशी देवांगन साहेबांनी चौघांनाही बोलावलं. साहेब मवाळ माणूस, भांडण म्हटलं की ते फायलीत डोकं घालतात. पण निधीनं तक्रार लेखी घ्या म्हटलं होतं, गंगाधरनंही तिला दुजोरा दिला होता, त्यामुळे कागद समोर घेऊन ते बसले होते. म्हणाले, सगळ्यांचं म्हणणं लिहून घेतो. तिघांची शिकायत असेल तर पांडेजींना गॅरेजमधल्या स्टोअरला बसावं लागेल, जेवणही तिकडेच. पांडेजींचा चेहरा पडला. गॅरेजमध्ये ना पंखा आहे ना माणूस. मला क्षणभर त्यांची दया आली हेही खरं आहे. एकट्यानं जेवणं म्हणजे काय असतं ते मला माहीत होतं. निधी बोलली, गंगाधर बोलला. मिरच्या, लोणचं, साबुदाणा, पेनांची टोपणं, सगळं निघालं. पांडेजी ऐकत होते, घाम पुसत होते. "घर जैसा समझता हूँ, सर," ते म्हणाले. "अपने लोग हैं, इसलिए." मग त्यांना एकदम काही सुचलं. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "आप रंगारी मैडम से पूछ लीजिए. मुझे तमीज़ नहीं होती तो..." आणि माझ्याकडे वळून मराठीत, अगदी विश्वासानं, "विजयाताई, तुम्हीच सांगा. आजवर मी तुमच्या डब्याला बोट तरी लावलं आहे का?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मला वाटलं होतं, हे कधी उघड्यावर आलंच तर कोणीतरी नजर चुकवेल, निदान कोणाचे तरी कान लाल होतील. तसं काहीच नव्हतं. ते माझी मदत मागत होते. ज्या गोष्टीनं माझी झोप गेली होती ती त्यांच्या मनात चांगल्या वागणुकीत जमा होती, आणि अडचणीच्या वेळी ती त्यांनी खिशातून काढून साहेबांपुढे ठेवली होती.

"सही बात है, मैडम?" साहेबांनी विचारलं.

"सही है, सर."

"देखिए!" पांडेजींनी श्वास सोडला.

"पण काहून?" मी म्हटलं. घरी बोलते तसंच तोंडातून आलं. त्यांच्याशी बोलताना मी इतके दिवस जपून 'का' म्हणायचे. "काहून नाही लावलं, पांढरीपांडे साहेब? निधीच्या डब्याले लावता. गंगाधरच्या लावता. माझ्या काहून नाही?"

"अहो, तुमची गोष्ट वेगळी आहे, विजयाताई," ते म्हणाले.

किती सहज म्हणाले! ते वाक्य बाहेर पडलं आणि मग त्यांना ते ऐकू आलं. निधीला मराठी कळते. तिनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. आपण कोणत्या गोष्टीवर हसलो होतो ते तिला आत्ता समजत होतं. "म्हणजे मानानं म्हणतो मी," पांडेजी घाईनं म्हणाले, "आदर आहे तुमच्याबद्दल..." साहेबांना मराठी येत नाही. ते एकेकाकडे बघत होते. "क्या हुआ? क्या बोल रहे हैं?"

खरं सांगायचं तर मला आधी बरं वाटलं. शंका गेली होती, रोज सकाळी उठून दुसऱ्याची वकिली करायचं काम संपलं होतं. मग राग आला. हा राग माझा एकटीचा नव्हता, त्याला फार वर्षं झाली होती, आणि तो आला तरी माझा आवाज चढला नाही याचं मलाच नवल वाटलं.

"तो मैडम, आपकी तरफ़ से कोई शिकायत नहीं, यही लिख दूँ?" साहेबांनी पेन उचललं. त्यांना हे लवकर संपवायचं होतं.

"शिकायत है, सर. सबसे ऊपर मेरी लिखिए."

"आपकी? आपका तो इन्होंने कुछ खाया ही नहीं."

"वही लिखिए. जब से दफ़्तर खुला है, ये सबके डब्बे में हाथ डालते हैं, मेरे में नहीं डालते. मुझे इससे तकलीफ़ है."

साहेबांनी पेन कागदावर टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं. पांडेजी "विजयाताई, अहो..." म्हणाले. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"ये कैसे लिखूँ, मैडम?" साहेब म्हणाले. आता त्यांना समजलं होतं, म्हणूनच आवाज खाली गेला होता. "आप सीनियर हैं. जाने दीजिए ना. इनको गॅरेज में बिठा देते हैं, बात खत्म."

"हव सर, लिख लीजिए," गंगाधर मागून म्हणाला. "मैंने देखा है. रोज देखा है."

"मी पण पाहिलं," निधी म्हणाली. ती कधी मराठीत बोलत नाही, शब्द अडखळतच आले. "मी पाहिलं आणि हसली."

साहेबांनी चष्मा वर सरकवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हणेन अशी त्यांना अजून आशा होती. समोरची खुर्ची रिकामी होती, ती कोणी पुढे करायची वाट न बघता मी ओढली आणि बसले, कारण त्यांनी अजून एक अक्षरही लिहिलं नव्हतं, आणि लिहून होईपर्यंत मी तिथून उठणार नव्हते.